बोर्ड नेटवर्कवरून बूट होत नाही, तेव्हा

नवा कर्नल कम्पाइल करायचा, मेमरी कार्ड लॅपटॉपला लावायचं, फाइल टाकायची, कार्ड बोर्डात घालायचं, आणि बोर्ड उठला नाही की हेच सगळं पुन्हा. एम्बेडेड लिनक्स शिकणाऱ्याचा अर्धा दिवस यात जातो आणि कार्डाची खाच सैल होते ती वेगळीच. नेटवर्कवरून बूट करण्याची सोय यासाठीच आहे. कर्नल आणि सगळी फाइल सिस्टीम लॅपटॉपवर राहते, बोर्ड दर वेळी तिथून उचलतो. एकदा बसलं की सुख आहे. बसेपर्यंत मात्र पुण्यातल्या कुठल्याही एम्बेडेड लॅबमध्ये, मग ती सी-डॅकच्या डिप्लोमाची असो, हिंजवडीतल्या कंपनीची असो की भोसरीतल्या लहान कारखान्याची, स्क्रीनवर ओळीने 'टी टी टी टी' उमटताना पाहत बसलेलं कोणीतरी सापडतंच.

या सोयीचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण पुण्याच्या जवळच आहे. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि ती चालवणारी एनसीआरए ही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात. दुर्बिणीची सुधारणा करताना जी नवी डिजिटल यंत्रणा उभी राहिली तिच्यात 'रोच' नावाचे बोर्ड आहेत. रोचवर एक मोठी व्हर्टेक्स-५ एफपीजीए असते आणि तिच्या दिमतीला पॉवरपीसी जातीचा एक प्रोसेसर. त्या प्रोसेसरवर आधी यू-बूट हा बूटलोडर आणि मग लिनक्स चालतं. हा बोर्ड ज्यांनी घडवला त्या कॅस्पर नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यात नेटवर्कवरून बूट होण्याची तयार आज्ञाच ठेवली आहे: कर्नल टीएफटीपीने येतो, फाइल सिस्टीम एनएफएसने. एकसारखे अनेक बोर्ड रॅकमध्ये बसवायचे असले की हीच पद्धत शहाणपणाची. सॉफ्टवेअर बदललं तर सर्व्हरवरची एक प्रत बदलायची, आणि बोर्ड बिघडला तर दुसरा बसवून मोकळं व्हायचं.

तुमच्या टेबलावरचा बोर्ड इतका भारी नसेल. बहुधा बीगलबोन ब्लॅक असेल, रास्पबेरी पाय असेल किंवा कंपनीने स्वतः काढलेलं डिझाइन. पण बिघाडाची जात तीच असते, आणि तो शोधताना लोक करतात ती चूकही तीच: एकाच वेळी चार गोष्टी बदलायच्या. केबल बदलली, फायरवॉल बंद केली, आयपी बदलला, कर्नल पुन्हा बनवला, आणि बोर्ड उठला तरी का उठला ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला की पहिल्यापासून सुरुवात.

नेटवर्क बूट म्हणजे एकापाठोपाठ होणारे वेगवेगळे संवाद आहेत. आधी बोर्डाचा इथरनेट पोर्ट आणि समोरचा स्विच यांचं वेगावर एकमत होतं. मग बोर्डाला आयपी पत्ता मिळतो, सर्व्हरचा मॅक पत्ता शोधला जातो. मग टीएफटीपीने फाइल येते. मग कर्नल सुरू होतो. आणि कर्नल स्वतः नव्याने नेटवर्क उभं करून एनएफएसवरची फाइल सिस्टीम जोडतो. यातल्या प्रत्येक पायरीवर बोर्ड काही ना काही छापतो. शेवटची ओळ कोणती आली, ते वाचायचं. त्या ओळीच्या पुढच्या पायरीवरच बिघाड आहे. मागच्या पायऱ्यांना हात लावायचं कारण नाही.

ओळ वाचायला आधी ती दिसली पाहिजे, म्हणून सुरुवात सीरियल केबलपासून. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत यूएसबी-टू-टीटीएल मॉड्यूल स्वस्तात मिळतं, पण घेताना ३.३ व्होल्टचं आहे का हे विचारून घ्या. काही मॉड्यूलवर ५ आणि ३.३ यांमधला जंपर असतो आणि तो दुकानातून ५ वर बसवलेला येऊ शकतो. बीगलबोनसारख्या बोर्डाच्या पिनांना ५ व्होल्ट चालत नाहीत. नकली चिपची मॉड्यूलं विंडोजचा नवा ड्रायव्हर ओळखत नाही, लिनक्सवर तीच चालतात. वेग बहुतेक बोर्डांवर १,१५,२०० असतो. अक्षरं नीट दिसतात पण की दाबून काहीच होत नाही, असं असेल तर बोर्ड बिघडलेला नाही: मिनीकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला आहे. तीन तारांच्या केबलवर तो चालूच शकत नाही. बंद करा आणि ती सेटिंग जपून ठेवा. आणि सीरियलवर येणारं सगळं पहिल्या ओळीपासून फाइलमध्ये साठवायची सवय लावा. मदत मागताना मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवला तर समोरच्याला त्यातून काही कळत नाही.

आता तार. 'वेटिंग फॉर पीएचवाय ऑटो निगोशिएशन' असं छापून पुढे टाइमआउट येत असेल, किंवा पीएचवाय (तारेशी बोलणारी इथरनेटची चिप) सापडलाच नाही असं म्हणत असेल, तर आयपी पत्त्यांशी खेळण्यात अर्थ नाही. पोर्टवरचा दिवा लागतो का ते पाहा. बाजारात मिळालेल्या बोर्डावर दोष बहुधा केबलचा किंवा स्विचच्या पोर्टचा असतो. बीगलबोन ब्लॅकची एक खोड मात्र माहीत असू द्या. त्याची लॅन८७१० ही पीएचवाय चिप वीज सुरू होताना कधी कधी चुकीच्या पत्त्यावर जागी होते. रीसेटचं बटण दाबून नेहमी उपयोग होत नाही. वीज पूर्ण काढून पुन्हा द्यावी लागते. दहा वेळा नीट चालणारा बोर्ड अकराव्या वेळी नेटवर्क दिसत नाही म्हणाला तर कोडमध्ये दोष शोधत बसण्याआधी हे करून पाहा.

बोर्ड तुम्हीच डिझाइन केला असेल तर गोष्ट वेगळी. पीएचवायचा रीसेट सुटतो का, त्याला २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक मिळतो का, एमडीआयओच्या तारेवर तो कोणत्या पत्त्यावर बोलतो, हे यू-बूटच्या 'एमडीआयओ लिस्ट' आणि 'एमआयआय इन्फो' या आज्ञांनी आणि ऑसिलोस्कोपने पाहायचं. एक दोष फार फसवा आहे. लिंक लागते, दिवा लागतो, वेगही १००० दाखवतो, पण पिंग जात नाही. आरजीएमआयआय जोडणीत क्लॉक आणि डेटा यांच्यात साधारण दोन नॅनोसेकंदांचा विलंब लागतो. तो पीसीबीवरच्या तारेच्या लांबीने द्यायचा, प्रोसेसरने द्यायचा की पीएचवायने, याचं उत्तर एकच असायला हवं. दोघांनी दिला किंवा कोणीच दिला नाही, तर लिंक चांगली दिसूनही पॅकेट फाटतात. अशा वेळी स्विचवरून वेग १०० वर आणून पाहा. १०० वर चाललं आणि गिगाबिटवर नाही, तर डिव्हाइस ट्रीमधला (कर्नलला बोर्डाचं हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमधला) 'पीएचवाय-मोड' आणि विलंबाची सेटिंग तपासा.

लिंक आहे पण बोलणं होत नाही, या टप्प्यावर अंदाज बांधणं थांबवून तारेवर काय चाललंय ते पाहायचं. सर्व्हरच्या लॅपटॉपवर टीसीपीडम्प किंवा वायरशार्क लावा आणि बोर्डाच्या मॅक पत्त्याने गाळा. यू-बूटमध्ये 'पिंग' करा. बोर्डाकडून 'हा आयपी कोणाचा?' असा एआरपीचा प्रश्न लॅपटॉपवर दिसतोच का? दिसत नसेल तर बोर्डाची पाठवायची बाजू किंवा मधली जोडणी बिघडली आहे. प्रश्न दिसतो, लॅपटॉप उत्तरही देतो, आणि बोर्ड तरी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारतो? मग बोर्डाची ऐकायची बाजू गेली आहे. प्रश्न दिसतो पण लॅपटॉप उत्तरच देत नाही? मग दोष लॅपटॉपवर. दोन मिनिटांत तीन शक्यता वेगळ्या होतात. हे करायचा कंटाळा करणारे लोक मग आठवडा घालवतात. अनुभवाने सांगायचं तर तयार बोर्डांच्या बाबतीत दोष बोर्डापेक्षा लॅपटॉपवरच जास्त वेळा निघतो.

लॅपटॉपचे दोष ओळखीचे आहेत. केबल थेट बोर्डातून लॅपटॉपला लावली असेल तर बोर्ड रीसेट होताच लिंक पडते. लिंक पडली की लिनक्सचा नेटवर्क मॅनेजर त्या पोर्टचा आयपी पत्ता काढून टाकू शकतो, आणि लिंक परत आली तरी पत्ता परत लागायला काही सेकंद जातात. तेवढ्यात बोर्डाचे पहिले प्रयत्न फुकट जातात. म्हणून मध्ये पाच पोर्टचा साधा स्विच ठेवा. बोर्ड कितीही वेळा रीसेट झाला तरी लॅपटॉपची लिंक स्विचशी टिकून राहते. ही काही शे रुपयांची वस्तू जितका मनस्ताप वाचवते तितका दुसरी कुठलीच वाचवत नाही.

दुसरा दोष घरून काम करणाऱ्यांचा. घरच्या राउटरचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, आणि तारेच्या पोर्टलाही पुस्तकात पाहून १९२.१६८.१ चाच पत्ता दिलेला. आता बोर्डाला द्यायचं उत्तर वायफायवरून पाठवायचं की तारेवरून, हे लॅपटॉप स्वतःच्या मनाने ठरवतो. जिओफायबरचा राउटर सहसा १९२.१६८.२९ वापरतो, म्हणून तिथे हा गोंधळ होत नाही आणि मित्राच्या घरी होतो; मग 'माझ्याकडे चालतं' यावर वाद. तारेच्या पोर्टला घरात कुठेच नसलेली मालिका द्या, उदाहरणार्थ १०.२०.३०.१.

तिसरा दोष विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू चालवणाऱ्यांचा, म्हणजे बहुतेक विद्यार्थ्यांचा. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क 'नॅट' वर असेल तर आतून इंटरनेट दिसतं, पण बाहेरच्या बोर्डाला आतला टीएफटीपी सर्व्हर दिसत नाही. 'ब्रिज्ड' करा, आणि ब्रिज वायफायशी नव्हे, तारेच्या पोर्टशी जोडा. डब्ल्यूएसएल-२ वापरणाऱ्यांची अडचण आणखी एक पायरी पुढे आहे. विंडोजची पोर्टप्रॉक्सीची सोय फक्त टीसीपी पुढे पाठवते, आणि टीएफटीपी चालतं यूडीपीवर. त्यापेक्षा थेट विंडोजवरच टीएफटीपीडी-६४ चालवा. ते चालवलं तरी फायरवॉल आडवी येते: राउटर नसलेल्या सुट्या केबलला विंडोज 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं आणि सार्वजनिक जागेतल्या नेटवर्कचे कडक नियम लावतं. त्या प्रोग्रॅमला 'पब्लिक' नेटवर्कवरही परवानगी द्यावी लागते.

कंपनीच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर बोर्ड लावला असेल तर आणखी एक गंमत होते. 'डीएचसीपी' आज्ञा दिली, पत्ता मिळाला, तरी फाइल मात्र भलत्याच मशीनकडे मागितली गेली. कारण यू-बूट सर्व्हरचा पत्ताही डीएचसीपीच्या उत्तरातूनच उचलतो, आणि तुम्ही हाताने भरलेला 'सर्व्हरआयपी' पुसला जातो. आयटी विभागाच्या सर्व्हरला तुमच्या कर्नलशी काय देणंघेणं? उपाय सोपा आहे: 'ऑटोलोड' हा व्हेरिएबल 'नो' करा, डीएचसीपीने फक्त पत्ता घ्या, मग 'सर्व्हरआयपी' स्वतः भरा आणि टीएफटीपीची आज्ञा वेगळी द्या. हाताने ठरलेला पत्ता दिलात तर त्याहून बरं. पण एक पथ्य पाळा. कंपनीच्या, हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर कधीही चालू करू नका. तुमचा लॅपटॉप आधी उत्तर देईल, शेजारच्या खोल्यांतल्या मशीनना तुमचे पत्ते मिळतील, आणि सगळ्या मजल्याचं इंटरनेट बंद पडेल. नंतर आयटीवाले तुम्हाला शोधत येतात, आणि ते शोधून काढतातच.

लॅबमध्ये एका टेबलावर बोर्ड चालतो, आणि सगळे बोर्ड एकदम चालू केले की कुठलाच धड चालत नाही, असं झालं तर मॅक पत्ते पाहा. एका बोर्डाचं कार्ड सेट करून त्याच्या प्रती सगळ्यांना वाटलेल्या असतात, आणि यू-बूटचं एन्व्हायर्नमेंट त्याच कार्डावर असेल तर 'ईथअॅडर'सुद्धा सगळीकडे तोच जातो. स्विचला कळत नाही की हा मॅक तिसऱ्या पोर्टवर आहे की सातव्या. उलटा प्रकारही होतो: काही बोर्डांवर मॅक ठरलेलाच नसतो आणि यू-बूट दर वेळी नवा बनवतो. मग डीएचसीपी सर्व्हरला प्रत्येक रीसेटला नवा पाहुणा दिसतो आणि थोड्या वेळात त्याच्याकडचे पत्ते संपतात. लॅबपुरता स्वतःचा मॅक द्यायचा असेल तर पहिला बाइट ०२ ठेवा. ती स्थानिक वापराची खूण आहे. पहिला बाइट विषम झाला तर तो मल्टिकास्टचा पत्ता ठरतो आणि यू-बूट तो नाकारतो.

आता टीएफटीपी. १९८१ सालच्या आरएफसी ७८३ पासून हा प्रोटोकॉल आहे आणि साधा असणं हाच त्याचा गुण. खालून वीट फेकायची, वरच्याने झेलली की पुढची. एकाच वेळी दोन विटा हवेत नाहीत. यूडीपीवर, ६९ नंबरच्या पोर्टवर विनंती जाते, पण डेटा येतो सर्व्हरने ऐन वेळी उघडलेल्या दुसऱ्याच पोर्टवरून. म्हणून बोर्ड आणि सर्व्हर यांच्या मध्ये राउटर किंवा फायरवॉल असेल आणि तिथे फक्त ६९ उघडा असेल तर विनंती पोचते आणि फाइल पोचत नाही. शक्य असेल तोवर दोघांना एकाच स्विचवर ठेवा.

'टी टी टी' याचा अर्थ बोर्डाने मागितलं आणि वेळेत उत्तर आलं नाही. 'फाइल नॉट फाउंड' आलं तर आनंद माना, कारण तार, आयपी, फायरवॉल आणि सर्व्हर हे सगळं चालतंय हे त्या एका ओळीने सिद्ध केलं. उरलं ते नाव आणि जागा. डेबियन-उबंटूवर टीएफटीपीडी-एचपीए 'एसआरव्ही' खालच्या 'टीएफटीपी' फोल्डरमध्ये पाहतो, जुन्या लेखांमध्ये थेट मुळाशी 'टीएफटीपीबूट' असं फोल्डर सांगितलेलं असतं. जुना लेख वाचून फाइल तिथे टाकली की ती कधीच सापडणार नाही. फाइल वाचायची परवानगी सगळ्यांना असली पाहिजे. आणि सिम्बॉलिक लिंक त्या फोल्डरच्या बाहेर नेणारी असेल तर चालत नाही, कारण सर्व्हर स्वतःला त्या फोल्डरमध्ये कोंडून घेतो. यॉक्टो किंवा बिल्डरूटच्या आउटपुटकडे लिंक देणारे इथे अडकतात. सर्व्हरच खरा की खोटा हे तपासायला बोर्डाची गरज नाही. त्याच स्विचवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तीच फाइल टीएफटीपीने मागून पाहा. स्वतःच्याच मशीनवरून मागून पाहिलं तर फायरवॉल मध्ये येतच नाही, त्यामुळे ती परीक्षा निम्मीच.

फाइल यायला लागते आणि मध्येच थांबते, हा प्रकार वेगळा. यू-बूट सहसा १४६८ बाइटचा ब्लॉक मागतो, कारण त्यात टीएफटीपीचे ४, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० होतात, इथरनेटच्या पॅकेटची नेहमीची मर्यादा. मध्ये व्हीपीएन किंवा बोगद्यासारखी काही व्यवस्था असेल तर ही मर्यादा कमी होते आणि मोठी पॅकेट गळतात. 'टीएफटीपीब्लॉकसाइझ' ५१२ करून पाहा. पण ५१२ वर ठेवून मोठी फाइल आणायची असेल तर दुसरी भिंत आडवी येते: ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच, आणि त्याला ५१२ ने गुणलं की साधारण ३२ एमबी. पुढे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू करणं काही सर्व्हरना जमत नाही. इनिटरॅमएफएस घातलेला लठ्ठ कर्नल ३२ एमबीच्या आसपास अडकला तर कारण हे.

फाइल पूर्ण आली तरी ती नीट आली का हे पाहून घ्या. यू-बूटमध्ये 'सीआरसी-३२' आज्ञा आहे. पत्ता आणि आलेल्या फाइलचा आकार देऊन जो आकडा मिळतो तो लॅपटॉपवरच्या त्याच फाइलच्या सीआरसीशी ताडून पाहा. जुळला नाही तर नेटवर्क किंवा रॅम खराब आहे आणि पुढचं सगळं व्यर्थ. यू-बूटमधले आकडे हेक्साडेसिमल असतात, हे विसरून लोक पत्ता चुकवतात.

त्यानंतर 'स्टार्टिंग कर्नल' अशी ओळ येते आणि सगळं शांत. सगळ्यात जास्त शिव्या इथेच ऐकू येतात. शांत म्हणजे मेला असं नाही. पुष्कळदा कर्नल मस्त चाललेला असतो, फक्त भलत्याच पोर्टवर बोलत असतो. बीगलबोनवर जुन्या कर्नलमध्ये सीरियल पोर्टचं नाव टीटीवायओ-शून्य होतं, नव्यात टीटीवायएस-शून्य आहे. जुन्या लेखातून उचललेला 'कन्सोल' नव्या कर्नलवर मुका राहू शकतो. बूटआर्ग्समध्ये, म्हणजे यू-बूट कर्नलला देतो त्या पर्यायांत, 'अर्लीकॉन' घालून पाहा, कर्नलची पहिली वाक्यं तरी बाहेर पडतील. तरीही काही नाही, तर दोन गोष्टी तपासा: डिव्हाइस ट्रीची फाइल याच बोर्डाची आणि याच कर्नलबरोबर बनलेली आहे का, आणि रॅममध्ये ती कर्नलपासून पुरेशी दूर ठेवली आहे का. दाबलेला कर्नल उलगडताना पसरतो, आणि डिव्हाइस ट्री जवळ ठेवली तर तिच्यावरून जातो. स्वतः पत्ते शोधू नका. बहुतेक बोर्डांच्या यू-बूटमध्ये 'कर्नल_अॅडर_आर' आणि 'एफडीटी_अॅडर_आर' ठरवून दिलेले असतात, तेच वापरा.

कर्नल बोलू लागला की यू-बूटने उभं केलेलं नेटवर्क विसरायचं. कर्नल सगळं नव्याने करतो. इथरनेटचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बनवलेला असेल तर तो फाइल सिस्टीमवर आहे, आणि फाइल सिस्टीम नेटवर्कच्या पलीकडे. म्हणून ड्रायव्हर, पीएचवायचा ड्रायव्हर, कर्नल-पातळीवरचं आयपी कॉन्फिगरेशन आणि एनएफएसवरचं रूट हे सगळं कर्नलमध्येच बांधलेलं हवं. बूटआर्ग्समध्ये 'आयपी' आणि 'एनएफएसरूट' दोन्ही लागतात. 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस व्हाया एनएफएस, ट्राइंग फ्लॉपी' ही ओळ वाचून फ्लॉपी कुठून आली म्हणून हसू येतं, ती जुन्या काळाची शेपूट आहे, लक्ष द्यायचं ते पहिल्या अर्ध्या भागाकडे. नव्या उबंटूला सर्व्हर करून जुना कर्नल चालवणाऱ्यांना ही ओळ हमखास दिसते. एनएफएसची दुसरी आवृत्ती आणि यूडीपीवरचं एनएफएस नव्या वितरणांत बंद असतं, आणि जुना कर्नल आपण होऊन तेच मागतो. एनएफएसरूटच्या शेवटी स्वल्पविराम देऊन तिसरी आवृत्ती आणि टीसीपी स्पष्ट लिहा.

सर्व्हरच्या बाजूला 'एक्सपोर्ट्स' फाइलमध्ये एक चोरटी चूक होते. बोर्डाचा आयपी आणि त्यापुढचा कंस यांच्यात एक मोकळी जागा राहिली तर कंसातले पर्याय त्या आयपीला लागत नाहीत, जगातल्या सगळ्यांना लागतात, आणि बोर्डाला मात्र मूळचे कडक नियम मिळतात. 'नो रूट स्क्वॉश' नसेल तर बोर्डावरचा रूट सर्व्हरला कोणीतरी परका वाटतो आणि सुरुवातीच्या स्क्रिप्ट परवानगीअभावी पडतात. फाइल सिस्टीमची टारफाइल साध्या युजरने उलगडली असेल तर फाइलींची मालकी तुमच्या नावावर जाते आणि डिव्हाइस नोड बनतच नाहीत. ती सुडो वापरूनच उलगडा. या सगळ्यातून बोर्ड वर आला, लॉगिनच्या अलीकडे पोचला, आणि 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग' म्हणत अडकला, तर सर्व्हरला दोष देऊ नका. बोर्डावरचाच नेटवर्क मॅनेजर किंवा कॉनमॅन जागा झाला आणि इथरनेटचा पोर्ट नव्याने लावायला त्याने तो आधी खाली आणला. ज्या फांदीवर बसलाय तीच तोडली. त्या पोर्टला हात लावू नकोस, असं त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहून ठेवा.

काही बोर्ड यू-बूटच्याही आधी, चिपमधल्या रॉमपासूनच नेटवर्कवरून उठू शकतात. बीगलबोनच्या प्रोसेसरला ते येतं, पण बीगलबोन ब्लॅकवर बूटचा क्रम ठरवणारे रेझिस्टर इथरनेटला यादीत ठेवत नाहीत, त्यामुळे त्यामागे लागू नका. त्याच्या यादीत यूएसबी मात्र आहे, आणि तिथे रॉम यूएसबीच्या तारेतूनच नेटवर्क असल्याचं भासवून फाइल मागतो. रास्पबेरी पाय ३ बी ला नेटवर्क बूटसाठी चिपमधला एक बिट एकदाच जाळावा लागतो आणि तो परत फिरवता येत नाही. पाय ४ मध्ये क्रम ईईप्रॉममध्ये असतो आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा: एफ२१ म्हणजे आधी कार्ड, मग नेटवर्क, मग पुन्हा सुरुवातीपासून. पाय आधी स्वतःच्या सीरियल नंबरच्या नावाच्या फोल्डरमध्ये फाइली मागतो, आणि ऐच्छिक फाइली पुष्कळ मागतो. त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये 'सापडली नाही' असं बरंच दिसलं तरी त्यातली प्रत्येक ओळ बिघाड नसते.

टेबलावर सगळं चाललं की बोर्ड कारखान्यात किंवा रॅकमध्ये जातो, आणि तिथे गुरुवार येतो. महावितरणची देखभाल गुरुवारी असते आणि त्यासाठी वीज जाते, हे पुणेकरांना सांगायला नको. वीज परत येते तेव्हा सगळं एकदम सुरू होतं. बोर्डाचा यू-बूट दोन-तीन सेकंदांत तयार होऊन फाइल मागू लागतो. मॅनेज्ड स्विच आधी स्वतःच उठायला वेळ घेतो, आणि त्यावर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू असेल तर पोर्ट लागल्यावरही १५ आणि १५ अशी ३० सेकंदं त्यातून काही जाऊ देत नाही. सर्व्हर तर मिनिट-दोन मिनिटांनी येतो. तोवर बोर्डाने प्रयत्न सोडून दिलेला असतो आणि यू-बूटच्या प्रॉम्प्टवर गप्प बसलेला असतो. हाताने रीसेट केला की लगेच चालतो, म्हणून दोष कधी सापडत नाही.

स्विचवर बोर्डांच्या पोर्टना पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट करा. यू-बूटमधला 'नेटरिट्राय' तपासा: 'नो' असेल तर तो एकदाच प्रयत्न करून सोडतो. 'येस' केला तर करत राहतो, पण मग सर्व्हर खरोखर मेला असेल तर बोर्ड कायमचा तिथेच अडकतो. म्हणून कारखान्यात जाणाऱ्या बोर्डावर तो 'वन्स' ठेवा, आणि बूटकमांडमध्ये आधी नेटवर्क, ते फसलं की फ्लॅशमधला जुना चांगला कर्नल, तोही फसला की थोडं थांबून रीसेट, असा क्रम लिहा. आलेली कुठलीही फाइल टीएफटीपी तपासत नाही, कोणी पाठवली ते विचारतही नाही. म्हणून कारखान्यातलं बूट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा आणि जमलं तर सही असलेली एफआयटी इमेजच स्वीकारायला यू-बूटला सांगा. मग पुढच्या गुरुवारची वाट न पाहता स्वतःच मेन स्विच बंद करून, दहा मिनिटांनी चालू करून पाहा.